एकट्या सर्व्हरची दुसरी वायर

भोरहून रायरेश्वराच्या वाटेला लागलं की आंबवडं येतं. नागेश्वराचं देऊळ, ओढ्यावरचा भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल, पंतसचिव घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांची समाधी, हे बघायला लोक इथे थांबतात. हा लेख मात्र अशा गावात कुणी बघायला न जाणाऱ्या एका वस्तूबद्दल आहे: कपाटाशेजारी किंवा जिन्याखालच्या खोलीत ठेवलेला एकटा सर्व्हर.

पतसंस्था, दूध संकलन केंद्र, शाळेचं कार्यालय, लहानसं रुग्णालय, जिथे जिथे हिशोब आपल्याच जागेतल्या मशीनवर राहतो तिथे तो असतो. त्याला जोडीदार नसतो. शहरातल्या मोठ्या बँकेत एक सर्व्हर बसला तर दुसरा त्याचं काम उचलतो; इथे एकच मशीन, आणि त्याच्या पाठीमागून निघालेली एकच नेटवर्कची वायर. या वायरीचं काही झालं की विचित्र अवस्था होते. सर्व्हरचा पंखा फिरत असतो, डिस्क ठणठणीत असते, डेटा जागच्या जागी असतो, आणि बाहेर काउंटरवर रांगेतल्या माणसाला सांगावं लागतं, ‘सिस्टिम बंद आहे, उद्या या.’ रायरेश्वराच्या पायथ्याच्या वाडीवरून पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘उद्या या’ म्हणजे काय, हे त्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको.

यावरचा उपाय जुना आणि सर्वांना माहीत असलेला आहे: सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं द्यायची, दोन्ही मिळून एकच पत्ता ठेवायचा, आणि एक गेलं की दुसऱ्याने काम घ्यायचं. फेलओव्हर म्हणतात तो हा. त्याचे प्रकार किती, त्यातला कोणता कुठे चालतो आणि तो कुठे फसतो, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. दुसरं कार्ड बसवणं हा या कामाचा सर्वांत स्वस्त आणि सोपा भाग आहे. खरं काम दोन ठिकाणी असतं: पहिलं कार्ड निकामी झालं हे मशीनला कळायचं कसं, आणि वेगळ्या दिसणाऱ्या दोन वाटा नेमक्या कुठे जाऊन एक होतात. या दोन प्रश्नांची उत्तरं न शोधता बसवलेलं दुसरं कार्ड असून नसल्यासारखं असतं.

थोडा इतिहास बघू. दोन-तीन वायरी एकत्र बांधून त्यांना एकच वायर म्हणून वागवायची कल्पना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. कॅलिफोर्नियात विनोद भारद्वाज यांनी सहकाऱ्यांबरोबर काढलेल्या ‘कल्पना’ या कंपनीने इथरनेटचा पहिला स्विच बाजारात आणला, आणि अनेक जोडण्या एकत्र बांधणारं इथरचॅनेलही तिथेच जन्मलं. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. पुढे २००० मध्ये याच कल्पनेचं ८०२.३एडी हे मानक झालं. लिनक्समधला बाँडिंग ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांच्या बेओवुल्फ प्रकल्पातून आला. तिथे स्वस्त संगणकांची टोळी करून मोठी गणितं सोडवायची होती, म्हणून वेग हवा होता. विंडोजवाल्यांना मात्र बरीच वर्षं इंटेल, ब्रॉडकॉम, एचपी यांनी आपापल्या कार्डांसोबत दिलेल्या सॉफ्टवेअरवर भागवावं लागलं. ही सोय मायक्रोसॉफ्टने स्वतः सर्व्हर २०१२ मध्ये आणली, टीमिंग या नावाने.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात घ्यायची. जोडणी एकत्र बांधण्याचा पहिला उद्देश वेग हा होता, आणि एक वायर तुटली तरी काम चालू राहणं हा त्याचा सोबत मिळालेला फायदा. आजही बसवणाऱ्यांच्या डोक्यात हे दोन हेतू मिसळलेले असतात. दोन कार्डं आहेत म्हटल्यावर दोन्हींचा वेग मिळाला पाहिजे, असा आग्रह धरला जातो. गावातल्या पतसंस्थेत पाच-सात काउंटर असतात. एक गिगाबिटची वायर त्यांना पुरून उरते. तिथे वेगाच्या मागे लागून गुंतागुंत वाढवण्यात काहीच अर्थ नाही.

लिनक्सच्या बाँडिंगमध्ये सात पद्धती आहेत. आळीपाळीने दोन्ही वायरींवर पाठवणारी आहे, पत्त्यानुसार वाटून देणारी आहे, सगळं सगळीकडे पाठवणारी आहे, स्विचशी करार करून चालणारी आहे, स्वतःच भार तोलणाऱ्या दोन आहेत. एकट्या सर्व्हरसाठी मी यातली एकच सुचवतो: एक कार्ड कामावर, दुसरं राखीव. अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप. हिला स्विचकडून कसलीही मदत लागत नाही, त्यामुळे बाजारातला हजार-दीड हजारांचा साधा आठ पोर्टचा स्विचही चालतो. दोन कार्डं दोन वेगळ्या स्विचना जोडता येतात, आणि तिथेच तिचं खरं मोल आहे. स्विचशी करार करणारी ८०२.३एडी पद्धत मोठ्या जागी उत्तम, पण तिथे दोन्ही वायरी एकाच स्विचला, किंवा एकच असल्यासारखं वागणाऱ्या महागड्या स्विचच्या जोडीला जोडाव्या लागतात. गावात ती जोडी नसते. मग दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये जातात, आणि तो स्विच गेला की सगळंच गेलं.

विंडोज सर्व्हरमध्येही टीम करताना ‘स्विच-इंडिपेंडंट’ निवडून एका कार्डाला स्टँडबाय ठेवता येतं. सर्व्हरवर व्हीएमवेअर असेल तर त्याच्या व्हर्च्युअल स्विचमध्येही असंच एक चालू आणि एक राखीव लावता येतं. रेड हॅटने मध्यंतरी बाँडिंगला पर्याय म्हणून टीमिंगची वेगळी सोय आणली होती, पण नवव्या आवृत्तीत तिला निवृत्तीच्या वाटेला लावलं. नवीन काम करणाऱ्याने लिनक्सवर सरळ बाँडिंगच वापरावं. अडचण वेगळीच आहे: कित्येक लहान संस्थांमध्ये ‘सर्व्हर’ म्हणून ठेवलेलं मशीन म्हणजे साधा विंडोज दहाचा डेस्कटॉप असतो, आणि त्या विंडोजमध्ये ही सोय नाही. तिथे आपोआप काही होणार नाही हे मान्य करून हाताने बदलायची तयारी ठेवणं बरं. मशीनमध्ये दुसरं कार्ड बसवून ठेवायचं, पत्ता कसा बदलायचा हे कागदावर लिहून मशीनवर चिकटवायचं. एक बारीक अडचण इथे अनेकांना अडवते: जुनं कार्ड काढून टाकलं तरी विंडोज त्याची नोंद लपवून ठेवतं, आणि तोच पत्ता नव्या कार्डाला देताना तो आधीच दुसऱ्याला दिलेला आहे असं सांगतं. काही हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना कार्डाच्या हार्डवेअर पत्त्याशी बांधलेला असतो. कार्ड बदललं की सॉफ्टवेअर कुलूपबंद. बाँडिंगमध्ये कार्ड बदललं तरी बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता तोच राहतो, हा तिचा मोठा गुण. हाताने बदलणाऱ्यांनी मात्र परवान्याची चौकशी आधी करून ठेवावी.

आता मूळ प्रश्न. पहिली वायर गेली हे मशीनला कळतं कसं?

सर्वांत सोपी खूण म्हणजे कार्डाच्या सॉकेटवरचा छोटा हिरवा दिवा. पलीकडून विजेचा संकेत येत असेल तर दिवा लागतो, नसेल तर विझतो. बाँडिंग ड्रायव्हरला हीच खूण ठरावीक वेळाने तपासायला सांगता येते, आणि शंभर मिलिसेकंद हा आकडा साधारणपणे दिला जातो. सेकंदात दहा वेळा विचारणा. वायर निघाली, जॅकची क्लिप तुटून तो सैल झाला, स्विचची वीज गेली, तर क्षणात कळतं. जुन्या लिनक्समध्ये ही तपासणी आपण सांगितल्याशिवाय चालूच होत नसे. दोन्ही कार्डं बांधलेली, नाव दिलेलं, सगळं छान दिसतंय, आणि वायर ओढली तरी मशीन हलत नाही, असे बाँड त्यामुळे कितीतरी ठिकाणी उभे राहिले.

पण दिवा लागलेला आहे याचा अर्थ एवढाच की मशीनपासून स्विचपर्यंतची दोन-तीन मीटरची वायर ठीक आहे. स्विच आतून अडकला असेल, त्याच्यापुढची वायर तुटली असेल, तर दिवा तसाच जळत राहतो. विंडोजची टीमिंग या दिव्यापलीकडे बघतच नाही. एखाद्या स्वस्त स्विचचा अडॅप्टर कमजोर झाला की तो दिवे लावून ठेवतो आणि माहिती पुढे नेत नाही. ही अवस्था पूर्ण मेलेल्या स्विचपेक्षा वाईट, कारण सगळे यंत्राकडे बघून ‘दिवे तर चालू आहेत’ म्हणत राहतात.

अर्धवट जिवंत यंत्र काय करू शकतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २७ डिसेंबर २०१८ ला सेंच्युरीलिंक या दूरसंचार कंपनीच्या डेन्व्हर इथल्या एका उपकरणात एक कार्ड बिघडलं. ते मेलं नाही. चुकीच्या रचनेची पाकिटं पाठवत राहिलं, आणि बाकीची उपकरणं ती इमानेइतबारे एकमेकांना पुढे देत राहिली. सदतीस तास हा गोंधळ चालला. ३९ राज्यांत परिणाम झाला आणि आणीबाणीचा ९११ हा क्रमांकही कित्येकांना लागेना. राखीव मार्ग त्या जाळ्यात नव्हते असं नाही. बिघडलेलं कार्ड बिघडलं आहे हे त्या जाळ्याच्या लेखी खरं नव्हतं, एवढंच.

म्हणून दुसरी पद्धत. दिव्यावर विश्वास न ठेवता सर्व्हरने पलीकडच्या कुणाला तरी हाक मारायची आणि उत्तर येतं का बघायचं. बाँडिंगमध्ये हे एआरपी तपासणीने होतं. आपण पत्ते देतो, ठरावीक वेळाने सर्व्हर त्यांना विचारतो ‘आहेस का?’, उत्तर थांबलं की दुसऱ्या कार्डावर जातो. असे सोळापर्यंत पत्ते देता येतात. व्हीएमवेअरमध्ये याच जातीची बीकन तपासणी आहे, पण दोनच कार्डं असताना तिला कोणतं आजारी आणि कोणतं निरोगी हे ठरवता येत नाही. तिच्यासाठी तीन लागतात.

हाक कुणाला मारायची हे ठरवण्यात सगळं कौशल्य आहे. बहुतेक जण एकच पत्ता देतात: इंटरनेटच्या राउटरचा. शहरात हे चालून जातं. गावात वीज गेली, राउटर यूपीएसवर नव्हता, किंवा नेट चालत नाही म्हणून कुणीतरी तो बंद करून चालू केला, की सर्व्हरला दोन्ही कार्डांवरून उत्तर मिळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही वाटा मेल्या. मग तो संपूर्ण जोडणीच बंद असल्याचं जाहीर करतो, आणि आतल्या आत ठणठणीत चालू असलेले काउंटर इंटरनेटशी काही संबंध नसताना बंद पडतात. संरक्षणासाठी लावलेल्या व्यवस्थेने स्वतःच काम थांबवणं, हा या क्षेत्रातला नेहमीचा अपघात आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक जगभर सहा तासांच्या आसपास बंद पडलं, त्यातही असंच झालं होतं: मुख्य केंद्रांशी संपर्क तुटला म्हणून नाव शोधून देणाऱ्या त्यांच्या सर्व्हरनी आपणच आजारी आहोत असं समजून स्वतःला जाळ्यातून काढून घेतलं. म्हणून पत्ते द्यायचे ते आतल्या, कायम चालू असणाऱ्या, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या गोष्टींचे: नेटवर्कचा प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, रोख काउंटरचा संगणक, आणि मग राउटर. यातल्या कुणा एकाचं उत्तर आलं तरी वाट जिवंत धरायची.

काम घेतल्यावर दुसऱ्या कार्डाने आणखी एक गोष्ट करायची असते. स्विचच्या स्मरणात सर्व्हर अजून जुन्या वाटेवर असतो. अनेक स्विचमध्ये ही आठवण पाच मिनिटं टिकते. तेवढा वेळ माहिती मेलेल्या दिशेला जात राहील. म्हणून बाँडिंग दुसऱ्या कार्डावर जाताच ‘मी आता इकडे आहे’ असं सर्वांना एकदा ओरडून सांगतं. हे झालं की काउंटरवरच्या माणसाला काहीच कळत नाही. पत्ता तोच, चालू असलेली देवघेव तीच; अर्धी भरलेली पावती स्क्रीनवर तशीच राहते आणि सेव्ह केली की जाते.

पहिली वायर परत आली की काय करायचं, याचा विचार फार कमी जण करतात. बहुतेक ठिकाणी सर्व्हर ताबडतोब पहिल्या कार्डावर परततो. जरा चांगला, मॅनेज्ड स्विच असेल तर तो नव्याने जागा झालेला पोर्ट लगेच वापरू देत नाही. जाळ्यात कुठे वेटोळं तर होत नाही ना हे तो आधी तपासतो, आणि जुन्या स्पॅनिंग ट्रीच्या नियमाने त्यात पंधरा अधिक पंधरा, म्हणजे तीस सेकंद जातात. दिवा लागलेला असतो, सर्व्हर परततो, आणि अर्धा मिनिट सगळं बंद. बिघाड झाला तेव्हा कुणाला कळलं नाही आणि दुरुस्ती झाली तेव्हा काउंटर अडकले, असं उलटंच घडतं. त्यावर दोन उपाय आहेत: स्विचवर सर्व्हरच्या पोर्टला ही वाट बघण्यातून सूट द्यायची, आणि सर्व्हरला परतण्याआधी मिनिटभर थांबायला सांगायचं. माझ्या मते गावच्या जागी तर परत जाऊच देऊ नये. दुसरं कार्ड चालू आहे ना, मग ते चालू राहू दे. सैल जॅकचा दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो; सर्व्हर त्याच्यामागे उड्या मारत बसला तर सगळ्यांचं काम बिघडतं. माणूस येईल, वायर बघेल, मग परतवेल.

दुसरा प्रश्न वाटा कुठे एक होतात हा. दोन दावी एकाच खुंट्याला बांधली तर जनावर सुटायला खुंटाच उपटायला पुरतो. एकाच कार्डावर दोन सॉकेट असतात आणि स्वस्त पडतात म्हणून तीच वापरली जातात. पण आतली चिप एक, ज्या खाचेत कार्ड बसतं ती खाच एक. मदरबोर्डवरचा एक पोर्ट आणि वेगळ्या कार्डावरचा एक, अशी जोडी करावी. मग स्विच दोन हवेत. दोन स्विच एकाच यूपीएसवर असतील तर यूपीएस गेला की दोन्ही जातील. दोन्ही वायरी एकाच पट्टीतून, एकाच भोकातून गेल्या असतील तर उंदीर दोन्ही कुरतडेल. दोन स्विच एकमेकांना जोडावेच लागतात, नाहीतर एका स्विचवरचे काउंटर दुसऱ्यावरच्या सर्व्हरपर्यंत पोचणार कसे? ‘असू दे’ म्हणून त्यांच्यामध्ये दुसरी वायर टाकली तर साध्या स्विचमध्ये वेटोळं तयार होतं, तीच पाकिटं गोल गोल फिरत राहतात आणि काही सेकंदांत अख्खं कार्यालय गार पडतं. भल्यासाठी जोडलेल्या वायरीने असं सगळं बंद पाडलं की कारण शोधायला दिवस जातो, कारण वायर तुटलेली नसते, जास्तीची असते. काउंटरचे संगणक दोन स्विचवर अर्धे-अर्धे वाटून टाकावेत. एक स्विच गेला तर अर्धे काउंटर चालू राहतात. अर्ध्या काउंटरवर पतसंस्थेचा दिवस निघतो.

हा खुंट्याचा प्रश्न लहान जागेपुरता नाही. मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार, एनएसई, सुरुवातीपासून सहज न थांबणाऱ्या यंत्रांवर उभा आहे. नव्वदच्या दशकात त्याची उलाढाल स्ट्रॅटस कंपनीच्या, आतला प्रत्येक भाग दुहेरी असलेल्या संगणकांवर चाले. तरी २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी ११.४० ला व्यवहार थांबवावे लागले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू करून पाचपर्यंत चालवावे लागले. एनएसईकडे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या. दोन्ही डळमळल्या. नंतर एनएसईने दिलेल्या खुलाशात कारण होतं दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर चाललेलं खोदकाम आणि बांधकाम. आणि त्यानंतर साठवणुकीच्या यंत्रणेने आपलं काम राखीव बाजूला जसं सोपवायला हवं होतं तसं सोपवलं नाही. दोन कंपन्या, दोन करार, दोन बिलं, आणि खाली माती एकच. आंबवड्याच्या रस्त्यावरचा जेसीबी आणि मुंबईतला जेसीबी यांत या बाबतीत काही फरक नाही.

त्याआधी चार-पाच महिने, १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कळवा-पडघा या ४०० केव्ही वाहिनीच्या एका सर्किटचं देखभालीचं काम चालू होतं, भार दुसऱ्यावर होता, आणि दुसऱ्यात बिघाड झाला. मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर तगवणारी जुनी व्यवस्था त्या दिवशी तग धरू शकली नाही. इथला मुद्दा लहान सर्व्हरलाही लागू आहे: राखीव वाट कामावर असते त्या दिवसांत तुमच्याकडे राखीव काही उरलेलं नसतं.

एकट्या सर्व्हरमध्ये मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच. फेलओव्हर छान झाला, कुणाला कळलंही नाही, आणि कळलं नाही म्हणूनच पहिली वायर महिनोन्‌महिने मेलेली राहते. सगळे समजतात दोन आहेत, असते एक. मग ती एकही जाते तेव्हा दुहेरी व्यवस्थेवर खर्च केला तो वाया गेला असं कमिटी म्हणते. सर्व्हरने कार्ड बदललं की कुणाच्या तरी मोबाइलवर निरोप गेलाच पाहिजे. ते जमत नसेल तर दोन वायरींना लाल आणि निळी पट्टी लावावी, आणि सकाळी शटर उघडणाऱ्याने दोन्ही दिवे बघून वहीत खूण करावी. या वहीला पैसे पडत नाहीत आणि अर्ध्या मिनिटात काम होतं.

आणि चाचणी. कार्यालय उघडण्याआधी, महिनाअखेर नसताना, दोन माणसांनी करायची. एकाने काउंटरवरच्या संगणकावर सर्व्हरला सलग पिंग लावून ठेवायचं. दर सेकंदाला उत्तराची एक ओळ पडद्यावर उतरत राहते. दुसऱ्याने सर्व्हरच्या मागे जाऊन लाल पट्टीच्या वायरीची क्लिप अंगठ्याने दाबून जॅक बाहेर काढायचा आणि मोठ्याने सांगायचं, ‘काढली.’ पडद्यावर एखादं उत्तर चुकतं, फार तर एक, आणि ओळी पुढे चालू लागतात. मग सर्व्हरवर बाँडिंगची स्थिती उघडून वाचायची: सध्या कामावर कोणतं कार्ड, प्रत्येकाचा दुवा वर की खाली, आणि आजवर तो किती वेळा तुटला याचा आकडा. हा आकडा नीट बघावा. कुणी हात न लावता तो वाढत असेल तर जॅक किंवा क्रिंपिंग खराब आहे. मग जॅक परत घालायचा, मिनिटभर थांबायचं, आणि निळ्या वायरीने तेच. त्यानंतर एका स्विचचा वीजपुरवठा काढायचा. शेवटी दोन स्विचमधली वायर काढायची, तेव्हा सर्व्हरच्या कार्डांचे दिवे लागलेलेच राहतात. हाकेचे सगळे पत्ते तुटलेल्या बाजूला असतील, तर तपासणी दिव्यावर आहे की हाकेवर आहे हे तेव्हाच उघडं पडतं. बसवून देणाऱ्याने ही चाचणी समोर करून दाखवल्याशिवाय बिल देऊ नये, असं मी प्रत्येक संस्थेला आग्रहाने सांगेन.

भोरच्या डोंगराळ भागात कार्डं जातात ती बहुतेक विजेमुळे. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, डोंगरावर कडकडाट होतो, आणि दोन इमारतींमध्ये उघड्यावरून ताणलेल्या तांब्याच्या नेटवर्क वायरीत विजेचा झटका उतरतो. वायरीच्या दोन्ही टोकांचे पोर्ट एकदम जातात, कधी सर्व्हरचा बोर्डच जातो. अशा झटक्यापुढे दुसरं कार्ड काही करू शकत नाही. दोन्ही कार्डं एकाच मशीनच्या पोटात आहेत. इमारतीबाहेर तांब्याची वायर जाऊच देऊ नये. तिथे फायबर टाकावी, काचेतून वीज वाहत नाही. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं. दुसऱ्या कार्डाला पैसे आहेत पण यूपीएसच्या बॅटऱ्या तीन वर्षांत बदललेल्या नाहीत, अशी स्थिती असेल तर आधी बॅटऱ्या बदलाव्यात.

इमारतीबाहेरच्या वाटेचंही थोडं बदलतंय. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने मंजूर केलेली ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना पुढे भारतनेट झाली. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून पंचायतींपर्यंतची रचना सरळ फांदीची होती: मध्ये कुठे खोदलं गेलं की त्याच्यापुढची सगळी गावं बंद. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट नावाने झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात, सुमारे १.३९ लाख कोटींच्या, तालुका ते पंचायत ही जोडणी कड्यासारखी करायचं ठरलं, म्हणजे एका बाजूने तुटली तर माहिती दुसऱ्या बाजूने फिरून येईल. एनएसईच्या उदाहरणामुळे मला एवढंच म्हणायचं आहे की कड्याच्या दोन बाजू एकाच चरात टाकल्या जाणार नाहीत, हे गावाने विचारावं. डोंगरातल्या खोऱ्यात रस्ता एकच असतो, चर त्याच्याच कडेने जातो, आणि कागदावरचं कडं जमिनीत सरळ रेघ होऊन बसण्याचा धोका अशाच जागी सर्वांत जास्त असतो. पंचायतीपासून पतसंस्थेपर्यंत किंवा दूध डेअरीपर्यंतचं शेवटचं अंतर तर बहुधा खांबांवरून येणाऱ्या एकाच वायरीचं राहील. तिथे मोबाइलच्या सिमवर चालणारा राउटर राखीव ठेवता येतो, तोही दुसऱ्या कंपनीचा, आणि त्याच्या टॉवरला वीज आणि फायबर त्याच खांबांवरून येते का हे विचारून.

दोन कार्डांनी सर्व्हर एकटाच राहतो हे मी विसरलेलो नाही. डिस्क गेली, पॉवर सप्लाय गेला, मशीनला आग लागली, तर नेटवर्कच्या दोन वायरी काही वाचवणार नाहीत. त्यासाठी रोजचा बॅकअप, तोही दुसऱ्या इमारतीत, आणि तो परत उतरवून बघितलेला. प्राथमिक कृषी पतसंस्थांचं संगणकीकरण करण्याची २,५१६ कोटींची योजना केंद्राने जून २०२२ मध्ये मंजूर केली, तीत डेटा गावातल्या मशीनवर न राहता केंद्रीय व्यवस्थेत राहतो. त्यामुळे काही ठिकाणी गावातला सर्व्हरच जाईल, आणि सर्व्हरच्या दुसऱ्या वायरीचा प्रश्न संस्थेच्या बाहेर जाणाऱ्या दुसऱ्या जोडणीचा प्रश्न होईल. तपासायच्या गोष्टी त्याच राहतील: वाट मेली हे कोण ओळखणार, दोन वाटा कुठे एक होतात, बदल झाला हे कुणाला कळणार, आणि शेवटची चाचणी कधी झाली. बिगरशेती पतसंस्था, डेअऱ्या आणि शाळा यांचे सर्व्हर अजून बरीच वर्षं गावातच राहणार आहेत. पुढचा वळीव येण्याआधी त्यातल्या प्रत्येकाच्या पाठीमागची वायर कुणीतरी एकदा ओढून बघायला हवी.